रहाटाचा अकरावा फेरा

एरॉलच्या पत्त्यांच्या डेकला वसईच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणी डेक म्हणतच नसे. "एरॉलचं येडं" म्हणत. मोबाइलवरच्या त्या पत्त्यांच्या खेळात शहाणी माणसं ड्रॅगन, तोफा, राक्षस अशी भारीभारी पानं गोळा करतात आणि समोरच्याला बडवून काढतात. आमच्या उमेळ्याच्या या शहाण्याने जपली होती तीन फुटकळ पानं: एक चाक, एक पन्हळ आणि एक बैल.

तिन्ही एकदम हाती लागली की मात्र गंमत होती. बैल टाकायचा, चाक फिरायचं, समोरच्याचा एक जीव कमी व्हायचा आणि पन्हळीतून बैल परत हातात यायचा. परत टाकायचा. समोरचा नुसता बघत बसे. म्हणून डेकचं नाव रहाट. वाडीतल्या विहिरीवरचा खरा रहाट आजोबा गेले तसा बंद पडला, पंप आला. हा चालू होता.

बैल परत यायला ठरावीक वेळ लागे. त्याआधी बोट लागलं तर साखळी तुटे, फार उशीर झाला तर डाव समोरच्याकडे जाई. एरॉलने त्यावर घरगुती उपाय काढला. मनात एक 'नमो मरिया' म्हणायची, संपली की बैल दारात हजर. माप अगदी तंतोतंत. पण त्यातच सगळी गोम होती. लहानपणापासून रोज संध्याकाळी माळेवर रोजरी म्हटलेला माणूस, दहा मण्यांच्या दहा 'नमो मरिया' आणि मग एक 'पित्याचा गौरव असो'. दहा मणी झाले की त्याचं बोट आपोआप थांबे, मनात 'पित्याचा गौरव असो' सुरू होई, आणि तोवर डाव गेलेला असे. अकरावा बैल त्याच्या हातून कधी सुटलाच नाही. बँकेत नोकरीला असलेला, चांगला शिकलासवरलेला गडी, पण अकरा म्हटलं की गार.

हे गुपित जगात एकट्या व्हिव्हियनला ठाऊक होतं. व्हिव्हियन म्हणजे एरॉलचा चुलतभाऊ. रहाट दोघांनी मिळून रचलेला, विहिरीच्या कट्ट्यावर बसून. बैल तर व्हिव्हियननेच शोधून काढलेला. पुढे तो नायगावला टॉवरमध्ये राहायला गेला आणि सगळे खेळतात तो ड्रॅगनचा डेक खेळायला लागला. एरॉलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो ग्रुपवर काहीतरी बोलला, व्हिव्हियन त्याच्यावर काहीतरी बोलला, आणि ग्रुपच्या स्पर्धेत दोघे फायनलला समोरासमोर आल्यावर व्हिव्हियनने लिहिलं, "हरेल त्याने आपला डेक मोडायचा. आणि जिंकेल त्याचा डेक खेळायचा."

"चालेल," एरॉलने लिहिलं, आणि मग कुठे त्याच्या ध्यानात आलं. ही जुनी पानं खेळात मिळायची केव्हाच बंद झाली होती. एकदा मोडला की रहाट कायमचा गेला.

फायनल रविवारी संध्याकाळी सात वाजता. ग्रुपचा ॲडमिन विकी वेळ बदलायला तयार होईना. आणि त्याच रविवारी, रोजरीच्या महिन्यात घरोघर फिरणारी मारियामातेची मूर्ती एरॉलच्या घरी यायची होती. एरॉलची आई ॲनी ही अशी बाई, की पुतण्या त्या दिवशी आला नाही तर नाताळपर्यंत त्याचं तोंड बघणार नाही. त्यामुळे व्हिव्हियनही आला. दोघे भाऊ हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसले. दोघांच्याही मांडीवर रुमाल, रुमालाखाली मोबाइल, चेहऱ्यावर अपार भक्ती. ॲनीला दोघांचं फार कौतुक वाटलं.

रोजरीच्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्यांपैकी, चौथं संपेपर्यंत एरॉलच्या हाती तिन्ही पानं आली होती. त्याने रुमाल जरासा उचलून पाहिलं. व्हिव्हियनचे जीव अकरा. मघापासून हा हल्ला सोडून जीव भरून घेत बसला होता, तो यासाठी. मुद्दाम! बरोबर अकरावर येऊन थांबला होता, चोर. आणि पुढच्या डावात त्याचा ड्रॅगन उतरणार, म्हणजे एरॉल संपला.

"पाचवं रहस्य," ॲनी म्हणाली. "व्हिव्हियन, तू सांग."

प्रत्येक रहस्य वेगळ्या माणसाने सांगायची रीत. व्हिव्हियनने मोबाइल खिशात टाकला, माळ हातात घेतली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. डाव एरॉलचा होता. पहिली 'नमो मरिया', पहिला बैल. अर्धी प्रार्थना व्हिव्हियन म्हणे, अर्धी सगळी खोली म्हणे, आणि रुमालाखाली चाक फिरे. मारणाऱ्याला ताल देत होता तो मरणाराच. एरॉल मनाशी घोकत होता, अकरा, अकरा, आज अकरा. शेजारची पॉलिन मावशी त्याच्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे बघून गहिवरली.

आठ. नऊ. दहा.

बोट थांबलं.

एरॉलने जिवाचा आटापिटा केला. बोट ऐकेना. जन्मभराची शिस्त, ती काय एका रविवारी मोडते? व्हिव्हियनचा एक जीव उरला होता. बैल पन्हळीतून परत यायला निघाला होता. आता गौरव सुरू होणार, डाव जाणार, मग ड्रॅगन, मग रहाट स्वतःच्या हाताने मोडायचा. एरॉलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने समोर बघितलं.

व्हिव्हियन त्याच्याकडेच बघत होता. त्याची बोटं माळेच्या दहाव्या मण्यावर होती. तो मणी त्याने सोडला नाही.

"नमो मरिया," व्हिव्हियन म्हणाला.

खोली क्षणभर अडखळली, पण सवयीने सगळ्यांनी पुढची अर्धी म्हटली. एरॉलनेही म्हटली. ती संपली आणि त्याचं बोट आपसूक खाली गेलं.

समोर व्हिव्हियनच्या खिशात मोबाइल एकदा थरथरला. त्याने तिकडे बघितलं नाही. तो गौरवाची प्रार्थना म्हणायला लागला.

मूर्तीला हार घालून झाला, उकडलेले चणे वाटून झाले. ॲनीने व्हिव्हियनला दाराशी गाठलं.

"लक्ष कुठे होतं रे तुझं? अकरा म्हटल्यास."

"माहीत आहे, काकी," व्हिव्हियन म्हणाला. मग चण्यांचा द्रोण घेऊन तो एरॉलजवळ जाऊन बसला. खिशातून मोबाइल काढून त्याने एरॉलसमोर धरला. त्यात ड्रॅगनचा डेक मोडलेला होता, आणि त्याचा स्वतःचा रहाट होता, कधीच न मोडलेला. चाक, पन्हळ, बैल, तिन्ही पानं जागच्या जागी.