तिच्या वतीने

शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, त्यामुळे सकाळचा चहा कटिंगच्या टेबलावरच व्हायचा. वन्सं गणवेशाचं कापड बेतत होत्या, आई इस्त्री तापायची वाट बघत होती आणि खिडकीजवळ लेक काजं करत बसली होती. मध्येच लेकीने सुई कापडात टोचून ठेवली आणि आत्याकडे वळून ती हातांनी बोलू लागली. बोटं भरभर फिरली, भुवया वर गेल्या, एकदा तिने खिडकीबाहेर दाखवलं. बराच वेळ चाललं होतं ते.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"पोट दुखतंय म्हणते," मान वर न करता वन्सं म्हणाल्या.

आईने गरम पाणी आणून दिलं. लेकीने आधी पेल्याकडे, मग आईकडे असं काही पाहिलं, की आईच्या मनात पाल चुकचुकली. एवढं लांबलचक पोट कुणाचं दुखतं?

लेक जन्मापासून बहिरी. ती लहान असताना डॉक्टरांनी बजावलं होतं, हातवारे शिकू देऊ नका, नाहीतर पोर कधी बोलायची नाही. आईने ते वेदवाक्य मानलं. वन्संनी मानलं नाही. भाची बहिऱ्यांच्या शाळेत बाकीच्या मुलांकडून हातांची भाषा शिकली, तिला सोडता-आणता त्याही शिकल्या, आणि हे उपकार खरेच होते. पण तेव्हापासून लेकीचा प्रत्येक शब्द घरात वन्संच्या तोंडूनच यायचा. तिने लिहून दाखवलं तर वाक्यं उलटीसुलटी उतरायची आणि बाप हसायचा, म्हणून तिने लिहिणंही सोडलं. गल्लीत तिला मुकी म्हणत. गल्लीचं काय जातंय म्हणायला!

आई आता डोळ्यांत तेल घालून बघू लागली. लेकीचं बोलणं वारभर असायचं, वन्संच्या तोंडून वीतभर बाहेर पडायचं. मधलं कापड कुठे जात होतं?

अशातच शाळेच्या बाईंचा निरोप आला. कॉलेजात कपड्यांच्या डिझाइनचा वर्ग होता, बहिऱ्या मुलांना हातांच्या भाषेत समजावणारी माणसंही होती. ती मात्र वर्गात गुंतलेली असत, म्हणून मुलाखतीला घरचं कुणीतरी जाणकार सोबत आणा, असं कॉलेजने कळवलं होतं.

"मी येते की," वन्सं लगेच म्हणाल्या. "नाहीतर तिचं बोलणं कळणार कुणाला?"

आईने रात्री नवऱ्याकडे शंका काढली. "माझ्या बहिणीवर संशय घेतेस?" तो म्हणाला. "तुला येते का पोरीची भाषा? मग कशाच्या जोरावर बोलतेस?" आईने दिवा मालवला. संशय मात्र विझला नाही.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिका भल्या होत्या. लेकीकडे बघून त्या छान हसल्या आणि प्रश्न वन्संना विचारला. "हिला इथे शिकायचंय का?"

वन्संनी हात हलवले. लेकीचे हात उत्तरादाखल जे सुटले ते थांबेचनात.

"नको म्हणते," वन्संनी सांगितलं. "बाहेरच्या जगाची भीती वाटते तिला. शिवणात सुखी आहे."

"मनाविरुद्ध आम्ही कुणाला घेत नाही," प्राध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आईला लेकीच्या भाषेतली एकच खूण पक्की येत होती, ती म्हणजे नको. शेगडीजवळ नको, रस्त्यावर नको, पाहुण्यांसमोर हातवारे नको. जन्मभर तीच एक खूण तिने पोटच्या पोरीला केली होती. आत्ता लेकीच्या हातांनी ती एकदाही केली नव्हती.

"वन्सं, तुम्ही बाहेर बसा."

"वहिनी, काय बोलताय?"

"ती नको म्हणाली नाही."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही. तेवढं एक कळतं."

वन्संचा चेहरा उतरला. "ती इकडे आली की मी कुणाशी बोलू?" एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांची लबाडी खरी होती आणि मायाही खरी होती, पण मायेने लबाडी धुऊन निघत नाही.

"मग तुम्हीच सांगा," प्राध्यापिका आईला म्हणाल्या, "काय हवंय मुलीला?"

'हो, शिकायचंय तिला,' हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मी नाही सांगणार. आजवर आम्ही सगळे तिच्या वतीनेच बोलत आलो. तिची भाषा येणारं माणूस बोलवा, बाई. परकं. घरचं नको."

प्राध्यापिका जराशा ओशाळल्या. त्यांनी वर्गातून एका तरुण दुभाषी बाईंना बोलावून आणलं. त्या लेकीसमोर बसल्या, आणि लेकीचे हात बोलतील तसं त्या सांगू लागल्या. "मला शिकायचंय. कापड कसं विणतात, रंग कसा धरतो, सगळं. दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं करून मी कंटाळलेय." प्राध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं.

मग लेक आईकडे वळली. तिचे हात थोडेसेच हलले. दुभाषी बाई क्षणभर घुटमळल्या.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"ती विचारतेय, माझी भाषा तू कधी शिकणार?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हे उत्तरसुद्धा लेकीपर्यंत परक्या हातांनीच पोचणार आहे.