सात नंबरचा पलंग

भेट समितीला मी दारातूनच परत पाठवणार होते. पण ते तिघं आत शिरले तेव्हा माझी पाठ आमच्या ह्यांच्या पाठीला टेकलेली होती. मी उठले असते तर हे आडवे झाले असते, आणि आडवे झाले की ह्यांचा श्वास अडकतो. म्हणून बसल्या जागेवरूनच म्हणाले, "या. चपला बाहेर काढा."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय, ह्यांना सपाट झोपवायचं नाही. हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होतो तसला पलंग आणा. तोवर मी उशा रचून पाहिल्या, गाद्यांच्या गुंडाळ्या करून पाहिल्या. हे घसरत घसरत खाली येतात आणि मग माशासारखं तोंड उघडतात. म्हणून पंधरा दिवस मी पाठीला पाठ लावून बसत होते. माझ्या कमरेचे काय हाल झाले ते माझं मला माहीत.

आणि आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, बंधुमंडळाच्या भांडारात, तसले चार पलंग धूळ खात पडले होते.

बंधुमंडळ म्हणजे काय साधी गोष्ट नाही. राज्यभर शाखा. नेत्र समिती, रक्त समिती, साहित्य समिती, भेट समिती, आणि या सगळ्या समित्या नीट चालतात की नाही हे बघणारी आणखी एक समिती. सगळे एकमेकांना बंधू म्हणतात आणि पाठ वळली की एकमेकांचे दात मोजतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आमचे हे शिस्त समितीचे अध्यक्ष, अकरा वर्षं. नियमावली ह्यांनीच लिहिली. लोक ह्यांना मागून 'कलमसाहेब' म्हणत, आणि ह्यांना ते आवडायचं.

चिटणीसांनी आल्या आल्या घड्याळ बघून वहीत वेळ टिपली. त्यांचं कागद-पेन्सिलींचं दुकान आहे, त्यामुळे वह्यांची कमी नाही. सोबत एक जाडा बंधू आणि एक चष्मेवाला बंधू. जाड्यानं चार संत्री माझ्या हातात दिली, आणि लगेच परत घेऊन पुन्हा दिली, कारण पहिल्या वेळी चष्मेवाल्यानं फोटो काढलाच नव्हता.

"बंधू, हसा जरा," चष्मेवाला म्हणाला.

"हसायला श्वास लागतो," मी म्हणाले. "तो पलंग कधी देताय?"

चिटणीसांनी घसा साफ केला. अर्ज मिळालाय म्हणे. अर्ज उत्तम आहे. फक्त एक अडचण. कुठल्याही अर्जावर शिस्त समितीच्या अध्यक्षाची सही लागते, की अर्जदाराची वागणूक चांगली आहे.

"मग? अध्यक्ष हा काय माझ्या पाठीशी बसलाय. घ्या सही."

"स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करता येत नाही," हे बोलले. इतका वेळ श्वासासाठी धडपडणारा माणूस, नियम म्हटल्यावर कसा कोण जाणे, अख्खं वाक्य बोलला.

उपाध्यक्ष नेमलेला नव्हता. तो नेमायला राज्य अधिवेशन लागतं. अधिवेशन पुढच्या महिन्याच्या शेवटी, आणि तिथंही कोरम भरला तर. मागल्या वेळी भरला नव्हता. "तोवर आम्ही आठवड्यातून दोनदा भेटीला येऊच," चिटणीस म्हणाले. सेवेचे तास वर्षअखेरीला कमी पडत होते त्यांना, मला सगळं ठाऊक होतं. वहीवर माझी सही घेतली आणि गेले. वीस मिनिटं बसून चाळीस लिहिली होती.

दार लागल्यावर मी ह्यांना म्हणाले, "मरायलाही अर्ज करणार आहात का?"

"नियम सगळ्यांना सारखा," हे म्हणाले, आणि खोकत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या सुनेला ह्यांच्या पाठीशी बसवलं आणि मी ह्यांचं कपाट उघडलं. मला हवी होती औषधाची जुनी चिठ्ठी. सापडलं एक पाकीट, लाखेनं बंद केलेलं, वर ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'भांडाराची किल्ली. जप्त. पुढील ठराव होईपर्यंत.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.

बाई गं! किल्ली माझ्याच घरात, आणि मी पंधरा दिवस भिंत होऊन बसले होते.

ही किल्ली कुणाकडून जप्त केली तेही सांगते. आमच्या ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र, कुलूपवाला. मी त्यांना भावजी म्हणते. ते भांडार सांभाळायचे. दोन वर्षांपूर्वी फुलवालीच्या आईचे पाय गेले. म्हातारी दोन दिवस मोरीपर्यंत सरपटत जात होती. भावजींनी ठराव नाही, अर्ज नाही, चाकांची खुर्ची उचलली आणि नेऊन दिली. शिस्त समिती बसली. दोन मतं इकडे, दोन तिकडे. ह्यांनी आपलं मत टाकून मित्राला मंडळाबाहेर काढलं. वर नियम: काढलेल्या माणसाशी कुणी बंधूनं बोलायचं नाही, त्याच्या दारी जायचं नाही. सुखाला नाही, दुःखाला नाही.

आठ महिन्यांनी भावजींची बायको गेली. मंडळाचा एक माणूस गेला नाही. हे गेले नाहीत. आणि मी? माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती बाई माझ्या उशाशी राहिली होती, माझी घाण काढली होती तिनं. तिची तिरडी आमच्या दारावरून निघाली तेव्हा ह्यांनी पडदा ओढला आणि मी मुकाट्यानं आतल्या खोलीत गेले. दुसऱ्यांना काय बोलू? माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पाकीट फाडलं, किल्ली पदरात बांधली आणि तडक दुकानात गेले. भावजी कानशीनं एक किल्ली घासत होते. मान वर केली नाही.

"मंडळाच्या माणसांशी बोलायला मला बंदी आहे," ते म्हणाले.

"मी मंडळाची माणूस नाही, बाई आहे. बायकांना घेतात कुठं मंडळात?"

कानस थांबली नाही. मी सगळं सांगितलं. पाणी, श्वास, पाठीला पाठ, सही. मग किल्ली काढून समोर ठेवली. ती त्यांनी ओळखली. जरा वेळ बोटानं फिरवत बसले.

"भांडाराचं कुलूप बदललं असेल," मी म्हणाले.

"कसलं बदलताहेत! कुलूप समिती कुठं नेमलीय अजून."

एवढं बोलून दुकानाला कुलूप लावलं आणि शेजारच्या सुताराची हातगाडी मागून आणली. 'त्याच्यासाठी करतो' म्हणाले नाहीत, 'तुमच्यासाठी करतो' असंही म्हणाले नाहीत. भर दुपारी आम्ही दोघांनी भांडाराच्या यादीतला सात नंबरचा पलंग रस्त्यातून ढकलत आणला. चष्मेवाला आपल्या दुकानाच्या काचेतून बघत होता. बघ म्हटलं मेल्या, चष्मा पुसून बघ.

भावजींनी पलंग जोडला, ह्यांना उचलून ठेवलं, हँडल खटक्यात बसवून फिरवलं. हे वर आले. छाती उघडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ह्यांचा श्वास मला ऐकू आला नाही, इतका सरळ चालला होता. हे भावजींकडे बघत होते. भावजी पलंगाकडे. पाच मिनिटांत हे झोपले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर पाठ टेकली. रडले की झोपले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी तेलाचा डबा घेऊन आले. एक चाक कुरकुरत होतं. ते पलंगाखाली वाकलेले असतानाच भेट समिती दारात, आणि बाहेर टेम्पो.

"वहिनी, पलंग न्यावा लागेल," चिटणीस म्हणाले. शनिवारी राज्याचे अध्यक्ष भांडार मोजायला येणार होते. यादीत चार पलंग, तर खोलीत चार हवेत. "शिवाय हा काढलेला माणूस! ही सरळ चोरी आहे."

"चोरी? किल्ली मी दिली! मला धरा!"

"आपण रागावू नका. बंधूंना दोन दिवस खाली ठेवू, मग अधिवेशनात रीतसर..."

आणि खरंच, जाड्यानं ह्यांच्या काखेत हात घातले. मी जाड्याच्या मनगटाला धरून ओढत होते, चष्मेवाला मला 'अहो, अहो' करत होता. जाड्यानं ह्यांना पलंगाच्या टेकूवरून उचललं, मान मागे पडली, आणि ह्यांचा तो घशातला आवाज सुरू झाला. मी किंचाळले.

"कलम एकोणीस!" हे ओरडले. ओरडले कसले, खरवडून काढलं आतून. "पोटकलम क! जीव धोक्यात असेल, माणूस अडला असेल... साहित्य आधी द्यावं. कुणीही द्यावं. मंजुरी सात दिवसांत... मागाहून!"

जाड्यानं हात सोडले. चिटणीसांनी पिशवीतून नियमावली काढली, बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली. होतं कलम. तिघांनी आळीपाळीनं वाचलं. मग चिटणीस म्हणाले, तीन जण हजर आहेत, कोरम आहे, ठराव इथंच लिहून टाकू. लिहिला. सहा ओळी. पंधरा दिवस माझी कंबर मोडली होती त्या सहा ओळींपायी.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात भावजी पलंगाखालून उभे राहिले. हाताला तेल लागलेलं.

"हे कलम तेव्हा होतं?"

चिटणीस मुखपृष्ठावरची तारीख बघत राहिले. "सुरुवातीपासून आहे," ते हळूच म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणून हे पंधरा दिवस गप्प होते! गुदमरत होते, पण कलम तोंडाबाहेर काढत नव्हते. स्वतःसाठी काढलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग मित्रासाठी का नाही काढलं?

"आरोपीनं कलम दाखवायचं असतं," हे डोळे मिटून म्हणाले. "त्यानं दाखवलं नाही."

"खोटं!" मी म्हणाले. "तेव्हा महिन्याभरावर शाखेची निवडणूक होती. सगळे भावजींचं नाव घेत होते, तुमचं नाही."

हे डोळे न उघडताच म्हणाले, "सगळे त्यालाच मत देणार होते. सगळे."

मला वाटलं, आता भावजी ह्यांना मारणार. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. त्यांनी हँडल फिरवून ह्यांना नीट बसतं केलं. मग हँडल खटक्यातून उपसलं, फडक्यानं पुसलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"अहो, ते मंडळाचं आहे," चष्मेवाला म्हणाला.

"यादी बघा. पलंगाचं हँडल हरवलं होतं. हे मी घरी बनवलेलं. तुमच्या कुठल्या वहीत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, सकाळी दुकान उघडायच्या आधी येईन, संध्याकाळी बंद केल्यावर येईन. वर-खाली करून जाईन."

तेव्हापासून ते रोज दोनदा येतात. एक दिवस चुकला नाही, ताप होता तेव्हाही नाही. हँडल लावायचं, फिरवायचं, काढून घ्यायचं, जायचं. माझ्याशी तेलाबद्दल बोलतात, चाकांबद्दल बोलतात. ह्यांच्याशी एक शब्द नाही. नियमच आहे तसा, ह्यांनीच लिहिलेला. हे आधी भिंतीकडे तोंड करायचे. मग दाराकडे बघायला लागले. पावलं वाजली की केसांवरून हात फिरवतात. 'बस ना रे जरा' म्हणतात. 'चहा घे' म्हणतात. भावजी ऐकतच नाहीत.

काल सकाळी हँडल अर्ध्यात होतं, तेव्हा हे म्हणाले, "चुकलो रे. मुद्दाम केलं मी. तिच्या वेळी तरी यायला हवं होतं."

हँडल थांबलं. हे अर्धे वर, अर्धे खाली, तसेच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुसलं नाही.

भावजी माझ्याकडे बघून बोलले. "वहिनी, साहेबांना म्हणावं, लेखी द्या. समितीपुढे ठेवतो."

"कुठली समिती, भावजी?"

"आमच्या घरची. दोघांची होती. ती गेली, आता कोरम भरत नाही."

मग राहिलेले चार वेढे फिरवले, हँडल पिशवीत टाकलं आणि दुकान उघडायला गेले.