सिग्नलला न दिसणारी रांग

मिझुहोने कॅमेऱ्याची जय्यत तयारी केली होती. काचेवर बर्फ साचू नये म्हणून तिला हलकी ऊब दिली होती, वर टोपी बसवली होती, टपावर हातभर बर्फ मिरवत येणाऱ्या गाड्या ओळखायलाही शिकवलं होतं. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदोतल्या या छोट्या गावात आडव्या रस्त्याने गाडी आली, की कॅमेऱ्याने ती पाहायची आणि सिग्नल हिरवा करायचा. सकाळी आठला नगरपालिकेचे उगाकीसाहेब तपासायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर कॅमेरा आजच खाली उतरणार, आणि मिझुहोची दोन हिवाळ्यांची मेहनत पाण्यात.

आठ वाजून गेले. उगाकीसाहेबांचा पत्ता नाही, आणि या माणसाला उशीर म्हणजे नवलच! चौकात उभ्या केलेल्या तिच्या व्हॅनमधल्या पडद्यावर थांबायच्या पट्टीपाशी नुसता पांढरा रस्ता दिसत होता. गाड्या शून्य. तिने काच पुसून बाहेर पाहिलं, तर पाच गाड्या तांबड्या दिव्यापुढे मुकाट उभ्या. एकाने हॉर्न वाजवला असेल तर शपथ! इथल्या लोकांना हॉर्न कुठे असतो तेही आठवत नसावं.

ती धावत पहिल्या गाडीपाशी गेली. तोफू विकणारे म्हातारे तोमिझो आपल्या छोट्या ट्रकमध्ये निवांत बसले होते.

"आजोबा, पुढे या ना! पट्टीपर्यंत या!"

"पट्टी डिसेंबरातच गाडली गेली, पोरी. तुला दिसतेय का?"

"अंदाजाने या हो!"

"अन् आठ-वीसची बस वळेल कशी? दोन्हीकडे बर्फाच्या भिंती. मी पुढे गेलो तर तिचं नाक माझ्या तोफूत. हिवाळ्यात आम्ही सगळेच दोन गाड्यांची जागा सोडून मागे थांबतो."

मिझुहोने कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याने कुठे पाहायचं ती चौकट तिने जुलैतल्या फोटोवरून आखली होती.

"मग हॉर्न तरी वाजवायचा!"

"तुझा कॅमेरा नवीन आहे बिचारा. ओरडलं की आणखी गोंधळायचा."

तिने व्हॅनमध्ये जाऊन कॅमेऱ्याची मान मागे वळवली, चौकट सरकवली. सिग्नल लगेच हिरवा झाला. रांग सुटली, पण तिसरी गाडी कडेला थांबली आणि तीतून उतरले खुद्द उगाकीसाहेब. ट्रक बाजूला घेऊन गंमत बघायला थांबलेल्या तोमिझोंना त्यांनी विचारलं, "किती वेळ खोळंबलात?"

"खोळंबलो? छे! आत्ताच आलो."

"आजोबा, मी तुमच्याच मागे होतो. अकरा मिनिटं!"

"मग विचारता कशाला?" तोमिझो जराही ओशाळले नाहीत.

मिझुहोला हसू आलं, पण माफी मागायला ती कमरेत वाकली. "कॅमेरा चुकला नाही साहेब, मी चुकले. मी पट्टी पाहिली, माणसं कुठे थांबतात ते पाहिलंच नाही."

तेवढ्यात बस आली आणि मागे थांबलेल्या नव्या रांगेपुढून ऐसपैस वळून गेली. उगाकीसाहेब ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"उरलेले तीन चौकही तुम्हीच करा," ते म्हणाले. "मात्र आधी रांगेत उभ्या राहा."

मिझुहोचे डोळे भरून आले. "कधीपासून?"

"आत्तापासून. माझ्या मागोमाग या, आणि मी थांबेन तिथे थांबा."

पुढच्या तांबड्या दिव्याला समोर बस नव्हती, कुणीच नव्हतं. तरी दोघंही चांगली दोन गाड्या मागे थांबली.