टायको वर

माझे यजमान नूरुद्दीन कुवेत सिटीत एका कंपनीचे हिशेब लिहायचे आणि घरी आले की चंद्राच्या मागे लागायचे. सदुसष्ट साली आम्ही शहराबाहेरच्या रुमैथिया भागात राहायला आलो तेही गच्चीसाठी. नळाला पाणी येतं का, ते मी विचारायचं.

त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर आम्ही गच्चीवर बसलो होतो. पुस्तकवाल्याने विलायतेहून आलेले चंद्राचे दोन अ‍ॅटलस निवडायला दिले होते. एक ठेवायचा, दुसरा सकाळी परत. दोन्ही सारखेच जाडजूड, आत नुसते फोटो, नावं शेवटच्या पानांवर.

"जुन्या पद्धतीचा ठेवू," हे म्हणाले. "दक्षिण वर असलेला. दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, तवा नकाशा पण उलटाच पायजे. अंतराळवाल्यांसाठी आता उत्तर वर छापतात. तो आपल्या काय कामाचा?"

हे भाषण मला पाठ होतं. टायको म्हणजे तो पांढरे पट्टे फुटलेला खड्डा. तो चंद्राच्या दक्षिणेला, म्हणून दुर्बिणीत वर दिसतो. सुरुवातीला मी यांचे नकाशे सुलटे करून ठेवायची आणि बोलणी खायची.

दिवसभर दवाखान्यात कामाला उभी राहून माझे पाय भरून आले होते. हाताला लागला तो अ‍ॅटलस मी पूर्ण चंद्राच्या पानावर उघडून यांच्या मांडीवर ठेवला.

यांनी पानावरून बोट फिरवलं. "हाच! बघ, टायको कसा डोक्यावर हाय."

टायको खाली होता.

नेहमीसारखं माझंच चुकत असेल, म्हणून मी उठून दुर्बिणीला डोळा लावला. तिथे टायको वर. पुन्हा पान पाहिलं. तिथे खालीच. बल्ब लख्ख जळत होता.

यांनी यंदा दोनदा चष्मा बदलला होता. ऑफिसातला मुस्तफा हल्ली रोज गाडीने आणून सोडायचा; बेरजाही तोच वाचून देत असणार. कंपनीला कळलं की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर इथे राहायचा इकामाही. गावी चला म्हणून मी किती वर्षं यांचं डोकं खाल्लं होतं. आता जायला मिळणार होतं आणि मला ते नको होतं. राग तर असा आला! निदान मला तरी सांगायचं.

मी दुसरा अ‍ॅटलस उघडून यांच्या हातात दिला. "टायको वर हाय तो हा."

"मग मांडीवरचा?"

"अंतराळवाल्यांचा."

 यांचं बोट पानावर तसंच राहिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होईना.

"मुस्तफाला काय बोलू नको," हे शेवटी म्हणाले. "त्यानं कोणाला सांगितलेला नाय."

"आणि मला?"

यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "दोन्ही परत कर, सुगरा."

मी दोन्ही पिशवीत भरले, आणि यांना जिना उतरायला हात दिला. यांनी तो पहिल्यांदाच घेतला.