धाकू जॉबरचे खांब

धाकू राऊळ परळच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता आणि त्याच्या पोटी जन्माला आला चंद्रप्रकाश. विमा कंपनीत हेडक्लार्क झाला, मुलुंडचं घर आयतं मिळालं, पण बापाची गिरणी काही ह्या गृहस्थाच्या घशाखाली उतरेना. बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याने ओटीच्या लोखंडी खांबांना सागाच्या फळ्या ठोकल्या, वर नक्षी चिकटवली आणि येईल त्याला सांगत सुटला, की हे घर दीडशे वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातल्या एका सरदाराने, म्हणजे आमच्या खापरपणजोबांनी बांधलं.

खापरपणजोबा म्हणे! त्याची बायको नलिनी आत पोळ्या लाटताना हे ऐकायची आणि तिला अक्षरशः किळस यायची. घराचा खरा इतिहास सासऱ्याने तिला स्वतः सांगितला होता. गिरणीचं एक छप्पर आगीत कोसळलं, तेव्हा धाकू एका खांबाला मिठी मारून बसला म्हणून वाचला. पुढे ते खांब भंगारात निघाले, तेव्हा त्याने साहेबाच्या पाया पडून ते मागून घेतले आणि बैलगाडीत घालून मुलुंडला आणले. गावाहून अंबादास सुतार आला. नकाशा नाही की कागद नाही. वेंगुर्ल्याकडे घरं असतात तसं पुढे खळं म्हणजे अंगण, मग ओटी, माजघर, मागे पडवी, सगळं त्याने आठवणीवर उभं केलं. "ह्यो खांब उभो रवलो म्हणान मी जितो आसय, गे सूनबाय," असं म्हणत सासरा खांबावरून हात फिरवायचा. असला बाप सोडून ह्या माणसाने सरदार उसना आणला. काय म्हणावं ह्या कर्माला!

त्र्याऐंशी साली एका सांजदैनिकाचा वार्ताहर जुन्या घरांवर लिहायला आला. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाई ज्या खळ्यात आयुष्यभर कोकमं वाळवत आल्या, तिथे म्हणे सरदाराची पालखी उतरायची. फोटोसकट सगळं छापून आलं आणि चंद्रप्रकाश ते कात्रण खिशात घालून गल्लीभर मिरवला.

गल्लीकडच्या भिंतीला दोन पावसाळ्यांपासून तडा होता. शेजारच्या शिवदासची पोरं त्या भिंतीखालीच खेळायची. तडा बुजवा म्हणून तो सांगून सांगून थकला होता. त्याने ते कात्रण नेऊन पालिकेत दाखवलं: दीडशे वर्षांचं घर गल्लीवर येऊ घातलंय, बघा. आठवड्याभरात घर धोकादायक असल्याची नोटीस आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

नलिनीने नोटीस दोनदा वाचली. हे घर गेलं तर उरलं काय? बोरीवलीला मुलाचं वन रूम किचन. तिथे सून शुभा दोन पोरांना घेऊन कशीबशी राहते. तिच्या ओट्याखाली अंथरूण घालून म्हातारपण काढायचं? तिने नवऱ्याच्या हातापाया पडून सांगितलं, की तपासायला माणूस येईल तेव्हा खरं बोला. नवरा म्हणाला, बघू.

पालिकेचा इंजिनीअर आला. तुळया पाहिल्या, तडा पाहिला आणि खांबांपाशी थांबला. म्हणाला, "भिंतीचं काही नाही, ती बांधून घेता येईल. पण हे खांब म्हणजे दीडशे वर्षांचं लाकूड असेल तर मी घर पाडायलाच सांगणार. आत काय आहे?"

नलिनीने नवऱ्याकडे पाहिलं. ओटीवर शिवदास उभा होता, आणखी दोनचार शेजारी होते.

"अस्सल साग," चंद्रप्रकाश म्हणाला. "लोखंड गिरणीत असतं साहेब, आमच्याकडे नाही."

म्हणजे घर गेलं तरी चालेल, बायको रस्त्यावर आली तरी चालेल, पण चार शेजाऱ्यांसमोर गिरणी नको! इंजिनीअरने पेन काढलं. नलिनी आत गेली आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन बाहेर आली. नवरा तिला दटावू लागला, तू आत जा, तुला यातलं कळत नाही.

"बापाचं नाव घ्यायची लाज वाटते," ती म्हणाली, "त्याच्या छपराखाली झोपायची नाही वाटत?"

तिने कोयत्याचं टोक फळीच्या फटीत घातलं आणि सगळा जोर लावला. फळी नक्षीसकट खाली आली. आत काळंकभिन्न लोखंड होतं. इंजिनीअरने त्यावर किल्ली वाजवून पाहिली, बाकीचे खांबही ठोकले आणि भिंत बांधून घ्या, बाकी घराला काही होत नाही, असं सांगितलं. घर कोणी बांधलं, हे त्याने विचारलं ते नलिनीलाच. तिने सासऱ्याचं नाव सांगितलं, गिरणी सांगितली, खातंसुद्धा सांगितलं. शिवदास खाली बघत निघून गेला. चंद्रप्रकाश दिवसभर जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोक ऐकून नलिनी ओटीवर आली. नवरा तोंडात खिळे धरून तीच फळी परत त्याच खांबाला बसवत होता. घर वाचलं म्हणून आदल्या रात्री तिला आनंदाने झोप लागली नव्हती. आता मात्र तिला त्याचा रागही येईना, नुसती शिसारी आली.

"जपून मारा," ती म्हणाली. "आत तुमचे वडील उभे आहेत."

त्याने उरलेले खिळे मारलेच.