मला घासणारे हात

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे, पार्ल्यातल्या एका मोरीतला. मोरी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. तांबटाने माझ्या अंगावर एकेक ठोका निगुतीने दिलेला आहे, आणि सुनंदाबाईंच्या लग्नात माझ्या गळ्याखाली त्यांचं नाव घातलं गेलं, तेही वळणदार अक्षरात.

सुनंदाबाई मला चिंच लावून घासत. एकदा नाही, सात वेळा. मध्येच कोणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारणी म्हणत, "सोवळं असावं तर असं!" मी फुशारून जाई. मला वाटे, हे माझेच लाड चाललेत.

त्यांच्या माघारी त्यांची लेक उत्तरा मला सासरी, पार्ल्याला घेऊन आली. ही गोष्ट तीनच वर्षांमागची, साल एकोणीसशे त्रेपन्न. आधी ती मला एकदाच घासायची. पण जयंतीचा जन्म झाला आणि तिचंही सात वेळा घासणं सुरू झालं. मग एकवीस. तिच्या हातांना भेगा पडल्या, चिंच झोंबायची, तरी थांबत नसे. सासूबाईंनी सुरुवातीला कौतुकच केलं.

पुढे ती तान्ह्या जयंतीला उचलायलाही घाबरू लागली. "माझ्या हातांची घाण तिच्या पोटात गेली तर?" म्हणून लांब बसायची आणि लेकीकडे बघत राहायची. तिचा नवरा मार्तंड ऑफिसातून दमून यायचा आणि चिडायचा. एक दिवस त्याने सांगून टाकलं, "रविवारी तुला बोरिवलीला भावाकडे सोडतो. जयंती इथेच राहील, आईजवळ."

त्या दिवशी पहिल्यांदा मला ते घासणं नकोसं झालं.

शनिवारी मार्तंड ऑफिसातून लवकर घरी आला होता, तेव्हाच डॉक्टर विद्याधर जयंतीला देवी टोचायला आले. त्यांच्या हातांवर पाणी घालायला उत्तराने मला उचललं. डॉक्टरांनी आधी तिचे हात पाहिले, मग मला.

"हे नाव कोणाचं? निम्मं पुसलंय."

"आईचं. तीही अशीच घासायची." उत्तराला रडू आवरेना. "मला कळतं हो डॉक्टर, तांब्या स्वच्छ झालाय. पण मन म्हणतं, नाही झाला. म्हणून तर उद्या मला जयंतीपासून लांब, भावाकडे पाठवतायत."

"बाहेरचं तर काही नाही ना?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही हो काकू. आजार आहे हा, मेंदूचा. काम झालं की 'झालं, आता ऊठ' असं आपला मेंदू सांगतो ना? हिचं तिथेच काहीतरी अडतं. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण एखाद्या घराण्यात तो पुन्हा पुन्हा दिसतो, बाळंतपणानंतर उसळतो, एवढं मी पाहिलंय. यात हिचा हट्ट नाही की काही पाप नाही."

सोवळं सोवळं म्हणून सगळ्यांनी सुनंदाबाईंचं दुखणं मिरवलं होतं, आणि सर्वांत जास्त मी. मला फार लाज वाटली.

उत्तराने डोळे पुसले. "म्हणजे माझ्या जयंतीलाही होईल?"

"होईलच असं नाही. पण झालंच, तर ते ओळखणारी आई तिच्याजवळ नको का?"

मग सासूबाईंनी जयंतीला उचलून उत्तराच्या मांडीवर दिलं आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "रविवारचं राहू दे रे. ही कुठे जायची नाही."

उत्तराने लेकीला छातीशी धरलं. थोड्या वेळाने ती उठून मोरीत आलीच. मला घासू लागली. मार्तंड लेकीला कडेवर घेऊन दाराशी आला. मला वाटलं, आता ओरडणार. पण तो तिचं होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

आजार काही एका दिवसात गेला नाही. आजही ती मला कधी तीनदा घासते, कधी वीसदा. पण जयंती तिच्याच कुशीत झोपते. मित्रांनो, लखलखीत भांडं दिसलं तर खुशाल कौतुक करा, आम्हाला ते आवडतं. फक्त ते घासणारे हातही एकदा बघा. सोललेले दिसले, तर त्या माणसाला घराबाहेर काढू नका. त्याच्याजवळ थोडं थांबा.