चंद्राच्या मातीचे कपडे

दळ्या चंद्र दळायचा. हे ऐकून कुणी हसलं तर त्याला राग येत नसे. बायको तर लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात हसता हसता भिंतीला टेकली होती. "बाकीच्यांचे नवरे चंद्र आणून देतो म्हणतात, माझा त्याचं पीठ करून आणतोय!"

काम खरंच तसं होतं. काळा दगड फोडायचा, चक्कीत घालायचा, सात चाळण्यांतून काढायचा आणि चंद्रावर असते तशी माती करायची. माणूस पुन्हा चंद्रावर जायचा, तर त्याच्या बुटांनी, गाडीच्या चाकांनी, दाराच्या रबरांनी आधी इथंच ती माती खाऊन बघायला हवी. सुरुवातीला सरकारनं ढिगानं मागवली. मग सरकारचं मन उडालं आणि खासगी कंपन्या आल्या. पुढे दोघं गळ्यात गळे घालून आले. प्रत्येकाची तारीख ठरलेली, प्रत्येकाची हुकलेली. दळ्यानं उणीपुरी एकोणीस वर्षं दळलं. तिकडे बुटाचा एक नवा ठसा उमटला नाही.

त्या मातीचा एकच गुण जपायचा, तिची धार. चंद्रावर ना वारा, ना पाणी. कणाला घासणारं कुणी नाही, म्हणून जो तो कण जन्मला तसा टोकदार. इथं चक्की एक फेरा जास्त फिरली की टोकं मोडायची. तसल्या मातीला कारखान्यात 'म्हातारी' म्हणत आणि फेकून देत. धार शाबूत ती 'नवरी'.

नवरी घरी न्यायची नाही, असा कडक नियम. भोंगा झाला की कपडे काढून तिथल्याच धुलाईखोलीत टाकायचे, अंघोळ करायची, घरचे कपडे चढवायचे आणि दारातल्या वहीत लिहायचं, 'कपडे धुण्यास दिले'. खाली सही. मग एका वर्षी मोहीम लांबली, पैसा आटला आणि सगळ्यांत आधी धुलाईखोलीला कुलूप लागलं. वही मात्र दारातच राहिली. सही नसेल तर तपासनीस काम बंद पाडील, हे सगळे जाणून होते. म्हणून कारखान्यातले चौदाही जण सही करायचे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घरची वाट धरायचे. चार दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणता म्हणता सहा वर्षं सरली.

घरी बायको मागच्या दारात ते कपडे झटकायची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धूळ चकाकायची, आणि ही गुणगुणायची:

चंद्राच्या गावाला गं, माझा धनी दळतो,
उंबऱ्याशी येता येता निम्मा चंद्र गळतो.

कारखान्यात दळ्याच्या तोंडावर धूळ गाळणारा दोन डब्यांचा मुखवटा असायचा. हिच्या तोंडावर गाणं.

आता ती गात नव्हती. जिना चढताना चौथ्या पायरीवर बसायची आणि "पायरी छान आहे हो, गार आहे," म्हणून वेळ मारून न्यायची. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

"खाणीत काम केलंत का कधी?"

"मी कुठली खाणीत! हेच रोज अर्धी खाण घरी आणायचे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "छातीच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळेल. पण ती कामातून आजार झालेल्यांसाठीच आहे. कारखान्यानं लिहून द्यायला हवं, की धूळ त्यांची आणि ती तुमच्या घरापर्यंत आली. लवकर आणा."

"किती लवकर?" दळ्यानं विचारलं.

त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या सकाळी तो व्यवस्थापक बाईंच्या टेबलापुढे उभा होता.

"दळ्याभाऊ, बसा आधी."

"बसायला नाही आलो. एवढं लिहून द्या, धूळ इथलीच होती."

बाईंनी कपाटातून वह्या काढल्या. एक पान उघडलं, मग दुसरं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"माझीच."

"सहा वर्षं रोज कपडे इथं दिलेत. मग घरी झटकले ते कुणाचे?"

"बाई, खोलीला कुलूप होतं. किल्ली तुमच्याच खिळ्याला होती."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मला ठाऊक असून काय उपयोग? वरच्यांना वही वाचता येते, माझं मन नाही."

"मग सह्या खोट्या होत्या असं मी लिहून देतो."

"तर ते म्हणतील, गड्यानं नियम मोडला, चूक त्याची. शिवाय पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. खोट्या वह्यांपायी काम गेलं तर बाकीचे तेराजण कुठे जातील?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर धूळ तुमच्या घरी आलीच नाही."

दळ्या खाली बसला. इतकी वर्षं तीन शब्द आणि एक सही, एवढंच लिहिणं त्याच्या हातून झालं होतं. आता पानभर लिहायचं. लिहिलं तर कदाचित खाट मिळेल, नाही लिहिलं तर मुळीच नाही, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात होता. त्यानं कुलूप लिहिलं, सह्या लिहिल्या, मागचं दार लिहिलं, बायकोचा खोकला लिहिला. बाहेर आला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. चक्की थांबली होती. चाळणीवरचा म्हातारा जवळ आला.

"वहिनींना जप," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला. "आमच्या पोटावर पाय दिलास रे पण."

दळ्यानं मान खाली घातली.

तपासणी झालीच नाही. तपासनीस निघण्याआधीच मोहीम आणखी चार वर्षं पुढे गेली, कंपनीनं दुसरीकडे तोंड फिरवलं आणि चौदाही जणांना एकाच दुपारी घरी पाठवलं. दळ्याच्या पानामुळे कुणाचं काही बिघडलं नाही, कुणाचं काही सुधारलंही नाही. उत्तर मात्र आलं. मागच्या दारात खुर्चीवर बसलेल्या बायकोला त्यानं ते वाचून दाखवलं. 'कामगाराने स्वतःच्या लेखी कबुलीनुसार नियमभंग केल्याने, कुटुंबीयाच्या आजाराशी कारखान्याचा संबंध नाही.'

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही. 'कुटुंबीय' आहे."

"बघा की. एवढी चंद्राची धूळ खाल्ली, आणि नावसुद्धा नाही." ती हसली. हसू अर्ध्यावर खोकल्यात गेलं आणि बराच वेळ परत आलं नाही.

त्यानं पाण्याचा पेला धरला. तिनं हातानंच नको म्हटलं.

"खाट दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल ना?" तिनं विचारलं.

"असेल."

"मग होऊ दे त्याचं बरं."

दळ्या तिच्या पायाशी बसला. ती तोकडे, घाईचे श्वास घेत होती. सोबत करावी म्हणून त्यानंही तसे घेऊन पाहिले, पण जमेना. त्याची छाती धडधाकट होती, मुखवट्यानं एकोणीस वर्षं नीट सांभाळलेली. दर दोनचार तोकड्या श्वासांनंतर ती आपसूक खोल श्वास ओढायची, मोठ्यानं, आणि बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून तो तोंड भिंतीकडे वळवायचा.